विंगेतली चाल

"मंचावर दुसऱ्या रांगेतली तिसरी खुर्ची वाकडी आहे," खुर्चीकाका पुटपुटले.

"बाबा, आज तुम्ही बसायला आलाय. मांडायला नाही," लेक म्हणाली.

"पण व्हायोलिनचा गज ओढायला कोपराला जागा नको?"

"लागली तर ते सरकून घेतील. तुम्ही निवृत्त झालात हे तुमच्या गुडघ्यांना कळलंय, तुम्हालाच अजून कळत नाही."

एकतीस वर्षं काकांनी या वाद्यवृंदाच्या खुर्च्या मांडल्या, पुरुषभर उंचीची वाद्यं वाहिली. दर वर्षी हंगेरीच्या संगीताचा कार्यक्रम आला, की टेबलाएवढं सिंबालोम आणावं लागे. उचलायला चार माणसं. पण तारांवर काड्या पडू लागल्या, की तेच धूड थेंबाथेंबानं बोलू लागे. हे सगळं त्यांनी ऐकलं ते उजव्या विंगेत उभं राहून. समोर बसून एकदाही नाही.

त्या विंगेतूनच त्यांनी एक चाल घरी नेली होती. हंगेरीच्या एका संथ नाचातली. जरा अडखळून पुढे जाणारी. अंघोळ करताना, जेवताना ते ती गुणगुणत. बायकोनं तिच्यावर शब्द बसवले आणि लेकीला थोपटता थोपटता म्हटले:

पाय निघाले गं दूर, मन उंबऱ्यात राही,
कुणी मारिली गं हाक, वळूनिया पाही.

"सगळी वाद्यं मिळून वाजवतात तेव्हा कसं वाटत असेल हो?" बायको विचारी.

"नेतो एकदा. समोर बसू दोघं."

पण कार्यक्रमाच्या दिवशी विंग सोडता येत नसे. ते 'एकदा' तीन वर्षांपूर्वी तिच्याबरोबरच गेलं.

आज समोर तोच संथ नाच सुरू झाला. व्हायोलिनांनी एक उंच, देखणी चाल धरली. काका मान पुढे काढून वाट पाहत राहिले. चाल वळली, उतरली, संपत आली.

"आपलं कुठंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"हेच असेल ना?"

"हे नाही गं. मला काय माझं माणूस ओळखू येत नाही?"

मग त्यांची नजर उजवीकडे गेली. विंगेच्या तोंडाशी व्हायोला बसल्या होत्या. व्हायोलिनची थोरली, घोगऱ्या गळ्याची बहीण, दुसऱ्याच्या गाण्याला आधार देणारी. तिथल्या उंच वादकाचा गज काकांच्या चालीबरहुकूम वरखाली होत होता. अडखळणंसुद्धा तेच. आवाज मात्र इथवर पोचत नव्हता.

विंगेत या व्हायोला त्यांच्या कानापासून दोन हातांवर असत, आणि खरी चाल पार पलीकडच्या टोकाला. एकतीस वर्षं त्यांनी नुसती साथ ऐकली आणि तेच गाणं समजून घरी नेलं.

"गाढव मी," ते म्हणाले. "तुझ्या आईला गाणं दिलंच नाही. साथ दिली नुसती."

नाच फिरून पहिल्या जागी आला तेव्हा लेकीनं अगदी खालच्या आवाजात आईची ओवी धरली. पाय निघाले गं दूर... वर व्हायोलिनं, खाली ती. दोन्ही एकमेकांत अशी बसली, की जणू एकाच पाटावर जागा करून घेतली.

पुढच्या रांगेतले गृहस्थ कपाळाला आठ्या घालून वळले.

"माफ करा," काका हळूच म्हणाले, "घरचंच आहे."

लेक थांबली, पण काकांच्या कानाला वाट सापडली होती. आता ती घोगरी चाल त्यांना समोरूनही ऐकू येत होती, उंच चालीला खांद्यावर घेऊन चाललेली. लेकीचे ओठ नुसते हलत होते. खुर्चीच्या हातावर तिचा हात होता. काकांनी त्यावर तळवा ठेवला आणि निजवताना थोपटतात तसं थोपटू लागले.

वाद्यवृंद द्रुत नाचात शिरला. सिंबालोम घुमलं, लोक खुर्चीत पुढे सरकले. काकांचा हात त्याच संथ लयीत चालत राहिला.