लाल रेषेखालचा खुंट

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. कलमी झाडात ज्याच्या डोक्यावर दुसऱ्या जातीची काडी बसवतात, तो खालचा भाग म्हणजे मी. तापलेल्या मातीतून पाणी ओढायचे मी, वादळात झाड धरून ठेवायचे मी, आणि फळ लागले की नाव वरच्याचे. अंजीर खाताना खुंटाची चौकशी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा तुम्हीही माझ्याविषयी काही ऐकले नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. मला सवय आहे.

माझी जात रानअंजिराची. एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या टाकीला तडा गेला होता, त्या तड्यात मी उगवलो. मला कोणी लावले नाही की कोणी पाणी घातले नाही. दुपारी टाकीची भिंत तव्यासारखी तापायची, तरी माझे एक पान कोमेजत नसे. याचा मला फार गर्व होता. आमच्या फळाबद्दल मात्र न बोललेले बरे. दिसायला अंजीर, फोडले तर आत कोरडा भुसा आणि चिलटाएवढे किडे.

एका सकाळी टाकीपाशी एक बाई थांबल्या. रोपवाटिकेत त्या कलमे बांधायच्या, म्हणून सगळे त्यांना कलमबाई म्हणत. अंजिराच्या चिकाने त्यांची बोटे काळी पडली होती आणि उजव्या अंगठ्याचे नख त्यांनी मुद्दाम वाढवले होते. त्या नखाने त्यांनी माझी साल जराशी खरवडली, आतला हिरवा रंग पाहिला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "इथं जगलास ना? मग तू कुठंही जगशील." आयुष्यात माझे कोणी केलेले ते पहिले कौतुक. शेवटचेही तेच, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

त्यांनी मला उपटून एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी आणले. बहीण शिवणकाम करायची आणि तिचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. घरामागे भिंतीने बंदिस्त असे छोटे अंगण होते आणि त्यात दोघी बहिणींच्या आईने लावलेले अंजिराचे झाड होते. आई जाऊन पाच वर्षे झाली होती आणि आता झाडही तिच्या वाटेवर होते. पाने पिवळी, फळे गोटीएवढी. कलमबाईंनी बुंध्याजवळ हात घालून मूठभर मुळे वर काढली. माळेत मणी ओवावेत तशा त्यांवर गाठीच गाठी होत्या.

"हे बघ," त्या धाकटीला म्हणाल्या. "मातीत किडे आहेत, डोळ्यांना न दिसणारे. हे झाड गेल्यात जमा आहे."

"मग एक फांदी तोडून दुसरीकडे रोवू ना, ताई. अंजीर फांदीनं लागतं."

"दोनदा रोवली. दोन्ही वेळा गाठी. या मातीत या जातीची मुळं टिकायची नाहीत. मुळं याची हवीत." असे म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हा रानटी आहे. किडे याच्या वाटेला जात नाहीत."

झाले! माझी नेमणूक झाली. माझ्याबरोबर माझा एक भाऊबंदही त्यांनी आणला होता. आम्हा दोघांना अंगणात लावले, वर्षभर वाढू दिले आणि मग ऐन थंडीत, झाडे झोपेत असताना, गुडघ्याएवढ्या उंचीवर आमची मुंडकी छाटली. कापल्या जागी भळाभळा पांढरा चीक आला. अंजिराचा चीक असा वाहता असताना कलम धरत नाही, म्हणून कलमबाईंनी आम्हाला एक दिवस तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने चीक पुसून काढला, चिरा दिल्या, आईच्या झाडाची तीन डोळ्यांची, म्हणजे तीन अंकुरांची, काडी एकेकात बसवली, पट्टीने घट्ट बांधली आणि उन्हापासून जपायला वर कागदाची टोपी घातली. माझ्या भावाचा चीक पुन्हा सुटला आणि त्याची काडी काळी पडली. माझी मात्र धरली. त्याच उन्हाळ्यात आईचे झाड वाळले. आता त्या जातीचे जगात जे काही उरले होते, ते माझ्या डोक्यावर होते.

तिसऱ्या वर्षी अकरा अंजिरे आली. तिघांनी अंगणातच उभ्या उभ्या खाल्ली. धाकटीने पहिला घास घेतला आणि ती रडायलाच लागली. "अगदी तीच चव गं, ताई. आईच्या हातची." मास्तर म्हणाले, "अकराला तीननं भाग जात नाही. उरलेली दोन मी खातो." सगळे हसले. बिया दाताखाली कशा फुटतात, मध कसा ओघळतो, यावर बराच वेळ बोलणे चालले. तो मध कोणाच्या पाण्यावर झाला होता, हे कोणाच्या मनातही आले नाही. मी त्यांच्या पायांशीच उभा होतो. मास्तरांनी तर बोलता बोलता चप्पल माझ्यावर टेकवली होती.

खरे सांगतो, मित्रांनो, त्या दिवसापासून मी वरच्या अंजिराला पाण्यात पाहू लागलो.

खुंटालाही आपले डोळे असतात. सालीखाली दडलेले, केव्हा फुटू म्हणून टपून बसलेले. मी दर पंधरा दिवसांनी एक फुटवा बाहेर काढायचो आणि कलमबाई तो दोन बोटांत धरून खुडायच्या. त्यांची बदली दूरच्या मोठ्या रोपवाटिकेत झाली, तेव्हा त्यांनी तेलरंगाने माझ्या खोडावर, कलम जिथे जोडले होते नेमके तिथे, लाल रेषा काढली आणि धाकटीला समोर उभे केले.

"या रेषेच्या खाली फुटेल तो शत्रू. दिसला की खुडायचा. वर आहे ती आई. समजलं?"

"समजलं गं. मी काय लहान आहे?"

"पानांवर जाऊ नकोस, दोघांची पानं सारखीच दिसतात. रेषा बघ. आणि उन्हाळ्यात खोडाला चुना द्या, नाहीतर साल भाजेल."

"ताई, जायच्या आधी याच्या दोन काड्या घेऊन आणखी एखादं कलम करून ठेवतेस का?"

"कशाला घाई? झाडाला जरा बाळसं धरू दे. पुढच्या थंडीत येईन तेव्हा करू."

एवढ्या जाणत्या बाई, पण इथे चुकल्या. रोपवाटिकेत माझ्यासारखे खुंट ढिगाने होते. पण आईचे झाड आईच्याच अंगणात हवे, हा त्यांचा हट्ट. आणि त्यांच्या जिभेला धार अशी, की धाकटीची पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. पुढच्या थंडीत काही त्यांना सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या थंडीतही नाही.

कलमबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आगीसारखे ऊन पडले. मास्तरांनी ताईंचा शब्द पाळला. पाळला म्हणजे काय, डोक्यावर घेतला. कलमबाई चुन्याचा एकच पातळ हात द्यायच्या आणि रेषा मोकळी ठेवायच्या. मास्तरांनी तीन हात दिले, तेही वर फांद्यांपासून खाली मातीपर्यंत. झाड लग्नाला निघाल्यासारखे पांढरेशुभ्र दिसू लागले. लाल रेषा चुन्याखाली गेली, आणि दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही.

पुढच्या आठवड्यात वरची सगळी पाने करपून गळली. हे ऐका नीट. उन्हाने पाने टाकलेले अंजीर मेलेले नसते. ते दम खात असते. नखाने साल खरवडली असती तर आत हिरवे दिसले असते. पण एवढा छान चुना खरवडायचा कोणी? आणि त्याच वेळी मी काय केले? वरच्याला पाणी पोहोचवायचे सोडून मी ते वाटेतच अडवले आणि जोडाच्या चार बोटे खाली एक जाडजूड, लुसलुशीत फुटवा काढला. मदत म्हणून नाही. मला एकदा तरी माझे स्वतःचे पान हवे होते.

धाकटी सकाळी पाणी घालायला आली आणि तिच्या हातातली बादली तिथेच राहिली. "अहो, या ना लवकर! झाड फुटलंय!"

मास्तर बनियनवरच धावत आले.

"रेषेच्या वर आहे ना हो?" तिने विचारले.

"वरच असणार. एवढं गोंडस पान शत्रूचं असतं का? वरचं वाळकं काढून टाकू, म्हणजे सगळा जोर याला मिळेल."

त्यांनी करवत आणली आणि माझ्या फुटव्याच्या जरा वर चालवली. आईचे अंजीर, कलमाच्या जोडासकट, लाल रेषेसकट, आडवे झाले. कापलेल्या जागेतून पांढरा चीक आला. धाकटीने तो पाहिला.

"अहो, ओलं आहे हे."

"असतो थोडा आतला ओलावा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी करवत पुसली.

ती बराच वेळ त्या ओल्या कापाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ताईला हे सांगू नका. उगाच जीव खाईल माझा." तोडलेल्या फांद्या दोन दिवस अंगणात पडून होत्या. दोन दिवस, मित्रांनो! त्यातल्या एका काडीचे तेव्हाही कलम झाले असते. तिसऱ्या दिवशी कचरागाडी आली.

त्यानंतरची तीन वर्षे माझ्या सुखाची. धाकटी मला डोळ्यांत तेल घालून जपायची. शेणखत, ओले गोणपाट, दर उन्हाळ्यात नवा चुना, सावलीला जुनी साडी. मास्तर पाहुण्यांना अंगणात आणून म्हणायचे, "बघा, उन्हातून कसं वाचवलं!" फोनवर कलमबाई विचारायच्या, "झाड कसं आहे?" आणि धाकटी सांगायची, "छान वाढलंय." ते खोटे नव्हते. "फळ?" "यंदा नाही धरलं." तेही खोटे नव्हते.

चौथ्या वर्षी माझ्या फांद्या फळांनी वाकल्या. धाकटीने एकही तोडू दिले नाही. कलमबाई कामावरून निवृत्त होऊन त्याच महिन्यात येणार होत्या. पहिले फळ ताईच्या हातून तोडायचे, मग उन्हाळ्यात झाड कापल्याची ती चूक पोटात घालायला ताईला जड जाणार नाही, असा तिचा हिशेब होता.

कलमबाई आल्या. पिशवी ओट्यावर ठेवून सरळ अंगणात आल्या, आणि भरलेले झाड पाहून त्यांचा कडक चेहरा असा सैल झाला की मलाच कसेसे झाले. त्यांनी एक फळ तोडले. बोटांनी दाबले. पुन्हा दाबले. मग दोन भाग केले. आतून भुसा सांडला आणि दोन-तीन किडे त्यांच्या मनगटावर चढले.

कलमबाई खाली बसल्या आणि अंगठ्याच्या नखाने माझ्यावरचा चुना खरवडू लागल्या. एका बाजूने खरवडले, मग फिरून दुसऱ्या बाजूने. पार मातीपर्यंत. नखातून रक्त आले तरी थांबल्या नाहीत.

"रेषा कुठाय?" त्यांनी विचारले.

"ताई, त्या वर्षी ऊन फार होतं. सगळं वाळलं होतं गं."

"चीक आला होता का कापताना?"

धाकटीने मास्तरांकडे पाहिले. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"आला होता," ती म्हणाली.

"तेव्हाच एक फोन केला असतास तर रात्रीची गाडी पकडून आले असते मी. कापलेल्या फांदीतून काडी काढली असती."

"तू ओरडली असतीस."

"हो, ओरडले असते. आणि अंजीर असतं." मग त्या म्हणाल्या, "जाताना तू मला काड्या घे म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही." एवढे मात्र त्या हळू आवाजात बोलल्या. धाकटीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो न घेताच त्यांनी पिशवी उचलली. त्या निघून गेल्या त्याला आता सहा वर्षे झाली. या घरात त्यांचा फोन येत नाही आणि इथून कोणी करत नाही.

मास्तर मला मुळासकट काढायला निघाले होते. धाकटी आडवी आली. "खाली कुठेतरी आईचा एखादा डोळा राहिला असेल," ती म्हणाली. तिला समजावून मास्तरांनी हात टेकले. आता ती माझा एकही फुटवा खुडत नाही. खालचा नाही, वरचा नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जी गोष्ट जगात एकच उरली आहे, तिच्या आधी दोन करा; बाळसे धरायची वाट पाहू नका. वाळलेले दिसले म्हणून कापू नका, आधी खरवडून बघा. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, आणि ज्याला सांगायचे त्यानेही आपली जीभ जरा सांभाळावी. आणि खाली राबणाऱ्याला अधूनमधून नावाने हाक मारा. माझ्यासारखा खुंट कौतुकाला भुकेला राहिला, की काय करून बसतो ते तुम्ही ऐकलेच.

आईचा डोळा माझ्यात कुठेच नाही. हे मला माहीत आहे आणि सांगता येत नाही. दर वर्षी पहिले फळ पिकले की धाकटी ते तोडते, दोन भाग करते, आत भुसा दिसत असतो तरी जिभेला लावून बघते आणि थुंकते. मग बादली भरून आणते, माझ्या बुंध्याशी हळूहळू ओतते आणि म्हणते, "असू दे. पुढच्या वर्षी ये हं." ती माझ्याशी बोलत नसते. इतक्या मायेने पाणी मला जन्मात कोणी घातले नव्हते. ते माझ्यासाठी नाही हे ठाऊक असूनही मी ते सगळे पिऊन टाकतो.