नवरीच्या आधी कुणी नाही

मबरकानं गाठोडं सीमेवरच्या नाक्याच्या टेबलावर ठेवलं, पण गाठीवरचा हात काही काढला नाही.

“सोडा, हाज्जा,” कस्टमचा लामीन म्हणाला.

“हाज्जा म्हणू नकोस. मी हजला गेलेली नाही. तिथंही वाटेत तुझ्यासारखेच बसलेले असणार.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. लामीनही हसला असता, पण ट्युनिशियाकडून आलेली सकाळपासूनची ही चौथी गाडी होती आणि त्याचं डोकं उठलं होतं. त्यानं स्वतःच गाठ सोडली. आत लाल लोकरीची शाल होती, कडेला पांढरी नक्षी. अजून एक घडीही नीट बसलेली नव्हती.

“ही नवीन आहे.”

“नातीच्या लग्नाची आहे. उद्या लग्न आहे, तुमच्याच देशात, तेबेसाला. जुनी कशी असेल?”

“मग जकात लागेल. हातमागाची कोरी वस्तू म्हणजे व्यापाराचा माल. नाहीतर इथं ठेवून जा, परतताना मिळेल.”

“म्हणजे लग्न उरकल्यावर.”

जकात किती ते लामीननं कागदावर लिहून पुढं सरकवलं. मबरकानं न वाचताच तो कागद पालथा घातला. ही शाल तिच्या लेकीनं, झोहरानं, मागावर चढवली होती. तेव्हा ही नात, नजला, पाच वर्षांची होती. वीतभर विणून झाली आणि झोहरा गेली. तो माग मबरकानं सतरा वर्षं कुणाला हलवू दिला नाही, आणि उरलेली शाल या हिवाळ्यात बोटं आखडत असताना विणून संपवली. हिला माल म्हणणाऱ्याचा तिला मनापासून संताप आला.

लामीन टेबलावरून पुढं वाकला. आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, अंगावरच्या कपड्याला जकात नाही. खांद्यावर घ्या आणि सरळ चालू लागा. मी काही बघितलं नाही.”

माणूस वाईट नव्हता. मबरकालाही ते कळलं. पण तिनं शालीची घडी घातली आणि गाठोडं पुन्हा करकचून बांधलं.

“नवरीच्या आधी ही कुणाच्या अंगावर जात नाही.”

“पाच पावलं तर आहेत!”

“अर्धंसुद्धा नाही. तुझे नियम तू खुशाल मोड, बाबा. माझे मी मोडणार नाही.”

आणि ती समोरच्या बाकावर जाऊन बसली, गाठोडं मांडीवर घेऊन. तिची गाडी निघून गेली. एका बाईनं जाता जाता समजावून पाहिलं, तर मबरकानं तिला पिशवीतला खजूर खायला दिला आणि विषय संपवला. मग तिनं नजलाला फोन लावला.

“मी नाक्यावर बसलेय. शाल टाकून येणार नाही. मला उशीर झाला तर लग्न लावून घ्या.”

पलीकडून काही बोलणं यायच्या आत तिनं फोन बंद केला.

दोनेक तासांनी देशाबाहेर जाणाऱ्यांच्या रांगेतून एक मुलगी आली. पायांत घरातल्या सपाता, दोन्ही हात मेंदी लावून मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेले, पासपोर्ट दोन मनगटांच्या चिमटीत. तिनं बाहेर जाण्याचा शिक्का मारून घेतला, वळसा घातला आणि आत येणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली.

लामीननं पासपोर्ट पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. “किती दिवस देशाबाहेर होता?”

“सात मिनिटं.”

“सोबत काय आणलंत?”

नजलानं हनुवटीनं बाकाकडे दाखवलं. “आजी. आणि माझी शाल.”

मबरका तरातरा उठून आली. “मेंदीच्या हातांनी उंबरा ओलांडलास? घरात कुणी मोठं माणूस नव्हतं अडवायला?”

“सगळेच अडवत होते. तू इथं एका रीतीसाठी अडून बसलीस, मी तिकडे एक मोडून आले.”

नजलाचे हात बांधलेले, म्हणून मबरकानंच गाठोडं सोडलं, शाल नातीच्या खांद्यांवर घातली, पुढून सारखी केली. हात जरा जास्तच वेळ तिथं राहिले.

“झालं,” लामीननं शिक्का उचलला. “आता ही अंगावरची.”

“थांबा.” नजलानं खांदे आक्रसून शाल सोडवली आणि गुंडाळलेल्या हातांनी कशीबशी आजीच्या अंगावर ढकलली. “नवरीनं पांघरून झाली. आता ही पांघरेल.”

“अगं, लग्नात तुझ्या अंगावर हवी ती! लोक काय म्हणतील?”

“माझी आहे ना? मग लग्नात ती कुणी पांघरायची ते मी ठरवणार. आईची आई बसणार आहे माझ्या शेजारी, ही घेऊन. बघू कोण काय म्हणतं ते.”

शाल काढायला मबरकाचा हात खांद्यापर्यंत गेला. तिथंच थांबला. मग तिनं दोन्ही पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतले, डोळे पुसले नाहीत, आणि लामीनपुढं पासपोर्ट आपटला.

“बघत काय बसलास? मार शिक्का. उद्या लग्न आहे आमच्याकडे.”