तिसऱ्या मजल्यावरची घड्याळं

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नावं ठेवायला नको. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी माझं शिवणकामाचं दुकान आहे. पँट आखूड करायची, चेन बदलायची, असली कामं. कोणाचं पोट सुटलं, कोणाचं आत गेलं, सगळं मला ठाऊक. पण ओळख म्हणाल तर कमरेच्या मापापुरती. पहिल्या मजल्यावरच्या बस ड्रायव्हरशी तर मी दोन वर्षं बोलत नव्हते. त्याची सायकल माझ्या दाराला टेकायची, त्यावरून आमचं वाजलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर घड्याळकाका एकटे राहतात. आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा तिथली वीस जुनी ठोक्यांची घड्याळं त्यांनी घरी आणली. ती एकदम वाजत नाहीत. काकांनी मुद्दाम प्रत्येकात अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवलंय, कारण सगळी एका सुरात ओरडली तर त्यातलं आजारी कोण ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या इमारतीत अकरा वाजायला चांगली दहा मिनिटं लागतात. जिन्यातून आवाज थेट खाली येतो. मी कितीदा कपाळाला हात लावला असेल, पण चहाचं आधण मात्र त्यावरच ठेवायचे.

एका सोमवारी काका कोट घेऊन आले. बाह्या आखूड करून हव्या होत्या. गुरुवारी त्यांची मुलगी येणार होती, त्यांना कायमचं आपल्या शहरात घेऊन जायला. मी विचारलं, तुम्हाला जायचंय का? तर मान हलली, पण कुठल्या बाजूला ते त्यांनाच ठाऊक. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीने फोनवर एकच गोष्ट विचारली होती : तुम्हाला काही झालं तर त्याच दिवशी ज्यांना कळेल, अशा तीन माणसांची नावं सांगा, मग खुशाल तिथे राहा. काकांना एकही सांगता आलं नाही.

माझं डोकंच फिरलं. "आणि मी काय मेले होते? माझं नाव का नाही सांगितलंत?"

"विचारल्याशिवाय कसं सांगणार, ताई?" काका म्हणाले. "तुमच्यावर भार कशाला."

आता यावर माणसाने चार गोड शब्द बोलावेत की नाही? मी म्हटलं, गुरुवारी दुपारी या, कोट तयार ठेवते. ते गेल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या आणि बाह्या उसवायला घेतल्या. त्या तीन दिवसांत दहा वेळा वर जावंसं वाटलं. गेले नाही.

गुरुवारी सकाळी दोरा आणायला गेले होते ती साडेदहाला परतले. बटणं लावत बसले. अकरा वाजले, माझ्या मनगटावर. वर चिडीचूप. एक ठोका नाही. पाच मिनिटं वाट पाहिली, आणि सुई हातात तशीच धरून मी जिना चढायला लागले.

पहिल्या मजल्यावर ड्रायव्हर दारात उभा, एका पायात मोजा, दुसरा हातात. दोन वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"वरचं काही ऐकू आलं का तुम्हाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो तसाच माझ्या पुढे धावला.

दार बंद, ओढलं की आपोआप लागणारं लॅच, त्यामुळे आत कोणी आहे की नाही ते बाहेरून कळेना. हाका मारल्या, ठोठावलं, काही नाही. शेजारचं दार उघडून नर्स बाहेर आली. महिन्यापूर्वीच राहायला आलेली, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. आम्ही काय झालं ते सांगितलं तशी तिचा चेहरा पांढराफटक पडला. काल तिनेच काकांच्या दाराला चिठ्ठी लावली होती, की घड्याळांमुळे झोप लागत नाही. पण बंद करा असं काही लिहिलं नव्हतं हो, म्हणत ती रडायलाच लागली. ड्रायव्हरने खांदा लावला. तिसऱ्या धडकेला लॅच निघालं.

आत वीसच्या वीस घड्याळं गप्प. खोकी बांधलेली. काकांचा पत्ता नाही. मी मोरी पाहिली, नर्सने गॅलरी, ड्रायव्हर पालथा पडून पलंगाखाली शिरला. नेमकं तेव्हाच दारातून एक बाई कडाडली, कोण आहात तुम्ही आणि आमच्या घरात काय करताय?

मागे काका, हातात तिची बॅग. स्टेशनवर मुलीला आणायला गेले होते. मी नेमकी दोरा आणायला गेलेली, म्हणून जाताना दिसले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मी काकांना असं झापलं की विचारू नका. सांगून जायला काय होतं, अकराचे ठोके पडले नाहीत म्हणून आम्ही धावत आलो, घड्याळं बंद करताना कळवता येत नाही का, वगैरे. काका अपराध्यासारखे उभे. नर्सबाईंची झोप मोडते म्हणून सकाळी निघताना केली बंद, एवढंच पुटपुटले.

मुलगी तुटलेल्या लॅचकडे बघत होती. तिने विचारलं, अकरा वाजता शंका आली आणि दार कधी तोडलंत?

"अकरा वाजून अठरा मिनिटांनी," ड्रायव्हर कपडे झटकत म्हणाला. वेळेच्या बाबतीत तो पक्का.

मुलगी मटकन खोक्यावर बसली. नर्स पाणी आणायला धावली. मी म्हटलं, अगं, तीन नावं हवी होती ना तुला, घे लिहून.

"मागच्या महिन्यात चार दिवस तापाने पडले होते मी," ती म्हणाली. "माझ्या मजल्यावर आठ दारं आहेत. कोणी एक टकटक केली नाही. म्हणून बाबांची भीती वाटली मला."

काकांना हे माहीत नव्हतं. ते तिच्या शेजारी बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आम्ही तिघांनी खोकी सोडायला घेतली.

मुलगी रविवारी एकटीच परत गेली. दिवसा नर्स झोपते तोवर आता एकच घड्याळ वाजतं, बारीक आवाजाचं. ड्रायव्हरने नवं लॅच बसवून दिलं. सायकल अजून माझ्या दारालाच टेकते, पण त्यावरून आम्ही आता बोलून भांडतो.

मुलीला जाताना मी बजावलं होतं, रोज संध्याकाळी आठला दुकानात फोन करायचा, बोलायला काही नसलं तरी. परवा आठ वीस झाले तरी फोन नाही. काका दुकानात येरझाऱ्या घालत होते, नर्स ड्युटीला निघायची थांबली होती, ड्रायव्हरने तिच्या शहराच्या गाडीची वेळसुद्धा काढून ठेवली. तेवढ्यात वाजला. ऑफिसात मीटिंग लांबली म्हणे. मग मी सुरूच झाले. इथे आमचा जीव टांगणीला, एक मिनिटाचा फोन करता येत नाही, अक्कल गहाण ठेवली आहेस का, जे तोंडाला येईल ते. पलीकडून काही आवाजच येईना. मी थांबले, म्हटलं फार बोलले की काय.

"ओरडा ना मावशी," ती म्हणाली. "अजून थोडं ओरडा."