बहिणीमार्फत

त्या दुपारी अर्धी रजा टाकून ती कारखान्याबाहेर पडली, तेव्हा तिच्या नखांत काचेची पांढरी भुकटी होती. चष्म्याच्या भिंगांच्या कडा घासायचं काम ती नऊ वर्षं करत होती. यंत्राचा आवाज तिला ऐकू येत नसे, पण काच बिनसतेय हे तिच्या बोटांना सगळ्यांच्या आधी कळे. ती जन्मापासून बहिरी. घरात तिला चिमणी म्हणत.

फाटकाशी नवरा उभा होता. तोही बहिरा, छापखान्यात पुस्तकं बांधायचा. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"ताईला सांगितलंस?" त्याने हातांनी विचारलं.

"नाही. तपासणीचा विषय काढला की तोंड फिरवते. होईल तेव्हा होईल, डॉक्टर कशाला, म्हणते."

आई लवकर गेली आणि ताईनेच चिमणीला वाढवलं. शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे तिच्या वतीने ताईच बोलायची. समोरचा दहा मिनिटं बोलला, की ताई एका खुणेत उरकायची: "काही विशेष नाही." चिमणीने कधी शंका घेतली नाही. सख्ख्या बहिणीवर कोण घेतं?

पण बहिऱ्यांच्या संघटनेने तीन वर्षं खेटे घातल्यावर मोठ्या रुग्णालयाने आठवड्यातून दोन दिवस दुभाषी नेमली होती. दोघं तिथे पोचले, तेव्हा पन्नाशीच्या त्या बाईंनी आधीच खुणेने बजावलं, "खोलीत जे बोललं जाईल, ते सगळं तुम्हाला सांगणार. पदरचं घालणार नाही, काही गाळणारही नाही."

डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल उघडली. सहा वर्षांपूर्वी चिमणीचं अपेंडिक्स याच रुग्णालयात काढलं होतं. पान उलटता उलटता बाई थबकल्या. मग दुभाषीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे यांना आत्ता सांगू नका. घरचं कुणी मोठं माणूस आहे का?"

दुभाषीचे हात हलले: "हे यांना आत्ता सांगू नका. घरचं कुणी मोठं माणूस आहे का?"

"अहो, तुम्ही तेही सांगितलंत?"

दुभाषीने तेही सांगितलं.

चिमणी खुर्चीत पुढे सरकली. "मी बत्तीस वर्षांची आहे. काय सांगायचं नाही मला?"

डॉक्टरीणबाईंनी नाइलाजाने वाचलं: रुग्ण अविवाहित, बहिरी. अपेंडिक्सबरोबर मूल न होण्यासाठी बीजवाहिन्याही बांधल्या. संमती बहिणीमार्फत समजावून घेतली. खाली सही चिमणीची होती, शाळेत घटवलेल्या वळणदार अक्षरातली.

नवऱ्याने तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. तिला दोन्ही हात हवे होते. "याची प्रत द्या मला," तिने सांगितलं.

घरी ताई अंगणात वाळलेले कपडे काढत होती. चिमणीने फाइलची प्रत समोर धरली. ताईने वाचली, आणि हातातली चादर तशीच दोरीवर सोडली.

"सही करताना मी विचारलं होतं, डॉक्टर एवढा वेळ काय बोलताहेत," चिमणीने खुणेने म्हटलं. "तू काय सांगितलंस?"

ताईने मान खाली घातली.

"माझ्याकडे बघ! तू खाली बघितलंस की मी मुकी होते."

ताईने वर पाहिलं. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं. बाळ रडलं असतं तर तुला ऐकू आलं असतं का? उठायचं कुणी? मीच ना? आधी तुला वाढवलं, मग तुझी पोरं... मी थकले होते, चिमणे."

"थकलीस, तर तसं सांगायचंस. पाच वर्षं मी दर महिन्याला रडत होते. तू माझे डोळे पुसायचीस. तुला माहीत होतं."

ताईने जवळ घ्यायला हात पुढे केले. चिमणी मागे सरली.

तिने तक्रार केली, रुग्णालयाविरुद्ध आणि ताईविरुद्धही. चौकशीच्या दिवशी लांब टेबलामागे तिघे अधिकारी बसले होते, आणि साक्षीला ताई. दुभाषीला निरोपच गेला नव्हता.

"बहीण आहे ना इथे? भागवून घेऊ," मुख्य अधिकारी म्हणाले आणि ताईकडे वळले. "विचारा त्यांना, काय म्हणणं आहे?"

ताईने सवयीने हात उचलले. चिमणीने डोळे मिटून घेतले. काही क्षणांनी तिने डोळे उघडले, टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: "ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यांच्या तोंडून मी बोलणार नाही. दुभाषी आणा. मी थांबते."

"अहो, दोन तास लागतील!"

तिने खुर्ची भिंतीशी ओढली आणि बसली. ताई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. चिमणीने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर कदाचित उठली असती.

अडीच तासांनी दुभाषीबाई धापा टाकत आल्या. चिमणी उभी राहिली. तिचे हात सावकाश, स्वच्छ हलू लागले, आणि दुभाषीच्या आवाजात तिचा प्रश्न त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आला:

"त्या दिवशी तिथे दोन डॉक्टर होते, तीन परिचारिका होत्या. माझ्या शरीराबद्दल माझ्याशी कोण बोललं?"

मुख्य अधिकाऱ्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने फाइलमध्ये. दुभाषीबाई हात वर धरून उत्तराची वाट बघत राहिल्या.