चौदा बिऱ्हाडांची शेगडी

मला जरा नीट बघा. तीन पाय, वर दोन कडी, बाजूला एक दांडी आणि अंगभर काजळी. मी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची शेगडी. घरातल्या ओट्यावर मिरवणारी नाजूक जात माझी नव्हे, मी अंगणात बसून मोठाले टोप उकळणारी. स्वभावाने थोडी तापट आहे, तेवढं चालवून घ्या. थंड शेगडीचं कुणी कौतुक केलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझा जन्म त्र्याऐंशी साली शहाडच्या एका लहानशा ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यातून बाहेर आले त्याच आठवड्यात काळूराम आचाऱ्याने मला घेतलं. लग्न, हळद, बारसं, काळूराम जाईल तिथे मी. त्याचा धंद्याचा मोठा सिलिंडर आणि जोरात गॅस सोडणारा रेग्युलेटर असा दोघांचा पाठिंबा मिळाला की मी अशी गर्जायचे की शेजारी उभ्या असलेल्या नवरीच्या मामालाही ओरडून बोलावं लागे. आठ वर्षं मी तोऱ्यात काढली.

मग काळूरामचे गुडघे गेले. तो पुण्याला मुलाकडे राहायला गेला आणि मला आणि एका मोठ्या टोपाला डोंबिवलीच्या त्याच्या चाळीत, जिन्याखाली सोडून गेला. खाडीच्या बाजूची ती दुमजली चाळ, चौदा बिऱ्हाडांची. तिथे जनाबाई कोळीण आपली मासळीची पाटी माझ्यावर ठेवू लागली. लग्नाचे भात शिजवलेली मी, माझ्या अंगाला बोंबलाचा वास! पहिले काही दिवस मला तिचा फार राग आला. पण ती रोज संध्याकाळी पाटी धुताना तांब्याभर पाणी माझ्यावरही ओतायची, हाताने चोळायची. काळूरामने आठ वर्षांत कधी मला हात फिरवून धुतलं नव्हतं.

ब्याण्णवच्या एप्रिलात चाळीत कावीळ आली. नळाला पाणी बेताचं, गटाराशेजारून गेलेला जुना पाइप कुठेतरी फुटलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाइप दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक थेंब उकळून प्या. खळखळ उकळी यायला हवी."

नंतर त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सरोजकडे बघितलं. सरोज ही देवराम आणि रमाबाईची एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सहावा संपत आलेला. मध्येच त्रास झाला म्हणून तिला प्रवासाची मनाई होती, परत धाडायचीही सोय नव्हती. डॉक्टरीणबाई रमाबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला मात्र जपा. गरोदरपणात ही कावीळ झाली तर आई आणि बाळ, दोघांचंही अवघड असतं."

रमाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मी तिथेच जिन्याखाली होते, तिच्या बांगड्या कठड्यावर वाजत होत्या.

तेव्हा देवरामला माझी आठवण झाली. तो एमआयडीसीत फिटर. म्हणाला, "घरोघरी पाणी उकळायला गॅस पुरणार नाय. एकत्र उकळूया. रोज एका घराने आपला सिलिंडर द्यायचा." त्या काळी नंबर लावला की गॅस पंधरा-वीस दिवसांनी यायचा. पुष्कळांकडे सिलिंडर एकच. तो दिला की त्या दिवशी त्या घरात रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक. तरी एकानेही नाही म्हटलं नाही. बुद्धपौर्णिमेला रमाबाई दरवर्षी साऱ्या चाळीला खीर वाटायची. त्या वर्षी तिने सांगून टाकलं, "खीर पुढल्या साली. गॅस पाण्याला लागेल."

पण घरगुती सिलिंडर म्हणजे गरीब गाय. त्याच्या रेग्युलेटरचा दाब कमी, आणि माझं गॅसचं भोक सुईच्या टोकाएवढं, जोराच्या गॅससाठी केलेलं. पहिल्या दिवशी माझा जाळ मेणबत्तीसारखा थरथरला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवरामने मला उलटं पाडलं, बारीक ड्रिल लावून भोक मोठं केलं. जाळ वाढला, पण पिवळा, काजळी ओकणारा. मग त्याने गॅसमध्ये हवा मिसळणारी बाजूची खिडकी जरा जास्त उघडली आणि मी निळी पेटले. गर्जना गेली ती गेलीच. पण टोपात खळखळ उकळी आली तेव्हा अंगणात टाळ्या वाजल्या, आणि खरं सांगते, लग्नघरातसुद्धा मला एवढा मान मिळाला नव्हता.

माझ्यापाशी बसायचं काम जनाबाईने आपणहून घेतलं. तिला मूलबाळ नव्हतं. सरोज तिच्याच ओट्यावर कोलीम-भाकर खाऊन वाढलेली. रोज सकाळी बाजाराला जाण्याआधी ती पाणी उकळायची, टोप उतरवायची आणि ज्याच्या त्याच्या कळशीत ओतायची.

आणि ओतण्याआधी ती त्यात विसण घालायची.

आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी मिसळतात ना, तसं. नळाखालच्या बादलीतून तांब्यामागून तांब्या, सरळ टोपात. तिचं तरी काय चुकलं? आयुष्यभर टोप उतरवला की हात आपोआप बादलीकडे जायचा. मेचं ऊन, लोक तहानलेले. कढत पाणी माठात ओतलं की माठ तडकतो. पोरीबाळींचे हात भाजतात. सरोजसाठी तर ती तांब्या वेगळा काढून अजून थोडं गार घालायची, "माझ्या पोरीला घोटभर लवकर मिलू दे" म्हणत.

मी सगळं पाहत होते. अगं, ते कच्चं पाणी आहे, घालू नको, असं मला रोज ओरडावंसं वाटायचं. पण माझी गर्जना तर देवरामच्या ड्रिलने नेलेली. आणि ती असती तरी कुणाला काय कळलं असतं?

महिना उलटला तरी कावीळ हटेना. जनाबाईचा नवरा धाकू पिवळा पडला. मागच्या खोल्यांतल्या दोघी आजारी पडल्या. मग लोकांनी खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? माझ्या! "या शेगडीच्या आचेत दमच नाय." "भोक पाडलं तिथेच बिघडलं." "गॅसवर पानी नुसतं तापतं, चुलीवरच उकलतं." रविवारी मला भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. देवराम मान खाली घालून ऐकत होता. मला माझ्यापेक्षा त्याचं वाईट वाटलं.

शनिवारी जनाबाईला धाकूच्या औषधांमुळे उशीर झाला, म्हणून दुपारी पाणी तापवलं. पहिली पाळी सुटून देवराम घामाघूम आला. तिने नुकताच टोप उतरवला होता.

"भाऊ, घ्या, पानी प्या."

देवरामने तांब्या तोंडाला लावला आणि थांबला. टोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी अजून धगधगत होते.

"आत्ता उतरवलंत ना जनाबाई? मग हे कोमट कसं?"

"इसण घातलं ना!" जनाबाई हसून म्हणाली. "नायतर जीभ भाजंल तुमची."

देवरामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "नळाचं?"

त्या एका शब्दावर जनाबाईला सगळं कळलं. तिने बादलीकडे पाहिलं, मग आपल्या खोलीच्या दाराकडे, आत धाकू निजला होता. मग वर, सरोजच्या गॅलरीकडे. आणि ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. "माझ्या हातानं पाजलं," एवढंच म्हणत राहिली. "पोरीला माझ्या हातानं पाजलं."

बायका गोळा झाल्या. मला वाटलं, आता हिला फाडून खातील. रमाबाई जिना उतरून आली. पोटची पोर तिची. ती जनाबाईसमोर उभी राहिली, आणि मग त्या ओल्या फरशीवर जनाबाईशेजारी बसली.

"तुम्ही आजारी होता तेव्हा दोन दिवस मी उकळलं होतं," ती म्हणाली. "मीपण घातलं इसण. मला तरी कुठे सुचलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मीपन घरी घालते." मग आणखी एक. कबुली द्यायला रांग लागली म्हणा ना.

त्या दिवसापासून उकळलेलं पाणी झाकणाखाली आपोआप निवू लागलं. माझं भंगार टळलं. पण सरोजच्या पोटात गेलेलं पाणी काही परत येणार नव्हतं. ही कावीळ महिनाभरानेही डोकं वर काढते, म्हणून तो जून महिना मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी जनाबाई सरोजला उन्हात उभी करायची, खालची पापणी ओढून डोळ्यात बघायची आणि पांढरं दिसलं की माझ्यापाशी येऊन बसायची. धाकू हळूहळू बरा झाला, पाइप बदलला गेला, तरी तिचं बघणं सुटलं नाही.

जुलैत सरोजला मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी पहिल्या न्हाणाचं पाणी माझ्यावरच तापलं. जनाबाई मात्र दूर, जिन्याखाली उभी.

"जनामावशी, तुम्हीच न्हाऊ घाला," सरोज म्हणाली.

"माझे हात नको गं बाय."

"मग राहू दे. तुम्ही घालेपर्यंत बिनन्हाण्याचीच राहील."

शेवटी जनाबाई पाय पसरून पाटावर बसली, मुलीला नडग्यांवर घेतलं. घंगाळात कढत पाणी होतं. तिचा हात सवयीने बादलीकडे गेला आणि हवेतच थांबला. न्हाणाला विसण तर हवंच, पण तिच्याने तांब्या बुडववेना.

रमाबाईने घरातून एक झाकलेली कळशी आणून शेजारी ठेवली. "काल संध्याकाळी उकळून गार करून ठेवलंय, तुमच्यासाठी. घाला."

जनाबाईने विसण घातलं. मुलगी रडली, आणि तिच्यापेक्षा जनाबाई जास्त रडली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. चाळ आता पाडणार आहेत. म्हणतात, पुढेमागे घरोघरी नळीतून गॅस येईल, मग सिलिंडरची पाळी नको की शेगडी नको. माझा एक पाय तुटलाय, उद्या-परवा भंगारवाला येईल. माझी तक्रार नाही, आगीतून आले, आगीत जाईन.

जाता जाता एकच मागते. मला ओरडता आलं नाही, तुम्हाला तोंड आहे. कुणी मायेपोटी चुकत असेल तर त्याला वेळेवर सांगा. आणि सांगून झालं की उभे राहू नका, त्याच्या शेजारी बसा.