बाराव्या मिनिटाला

बाराव्या मिनिटाला माझे पाय गेले. म्हणजे होते तिथेच, जिममधल्या इलिप्टिकल मशीनच्या दोन पट्ट्यांवर, पुढे-मागे फिरत. पण बोटं नाहीत, चवडे नाहीत, नुसते बूट फिरतायत. मशीनवरचा आकडा बघितला. परवाही बाराच मिनिटं झाली होती. त्याआधी चौदा.

मी सतरा वर्षं बस चालवते. सहजासहजी घाबरणारी बाई नाही. भर उतारावर समोर ट्रक आडवा झाला तेव्हासुद्धा मी आधी शिवी घातली आणि मग ब्रेक दाबला. पण त्या दिवशी मशीनवरून उतरले, जमिनीवर पाय टेकवला आणि जमीन लागलीच नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

कारण बाबांचंही असंच सुरू झालं होतं. साखर. आधी मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. मग टाचेला जखम झाली, ती त्यांना आठवडाभर कळलीच नाही. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तेही ड्रायव्हरच. पुढे खुर्चीत बसल्या बसल्या ते नसलेल्या पायाने ब्रेक दाबायचे, उरलेली मांडी तेवढी हलायची. ते मी रोज बघितलंय.

मशीनची कटकट मागे लागली डेपोच्या डॉक्टरमुळे. वार्षिक तपासणीच्या आधी वजन उतरवा, म्हणाले. आता वजन गेलं खड्ड्यात. तपासणीत पाय नापास झाले तर स्टिअरिंग कायमचं सुटणार. आणि खरं सांगू? स्टिअरिंगपेक्षा मला त्या खुर्चीची भीती वाटत होती. दोन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. प्रत्येक स्टॉप सोडताना बुटात बोटं वळवून बघायची, आहेत ना? चालवताना ती असायची. तरी विश्वास बसत नव्हता.

शेवटी दादाला सांगितलं. दादा माझा मोठा भाऊ, सुतार. आमच्या घरातला सगळ्यात ठणठणीत माणूस, असं तो स्वतःच सांगतो.

"तुला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "एका जागी पळायचं ते मशीन. पायांनाही कळतं, आपण कुठेच चाललो नाही. मग ते झोपतात."

"दादा, थट्टा नको. मला खरंच भीती वाटतेय रे."

"अगं बये, मला बघ. परवा अख्खा दिवस बुटात स्क्रू घेऊन हिंडलो. संध्याकाळी बूट काढला तेव्हा दिसला. हूं की चूं केलं नाही. सुताराच्या बुटात स्क्रू नाही तर काय मोती सापडणार?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. मीही हसले. पण मी एकटीने डॉक्टरकडे जाणार नाही हे त्याला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी तो सुट्टी टाकून दारात उभा.

डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "व्यायामाचे बूट घाला, रोज घालता तसेच." मी घातले. त्यांनी बुटाच्या नाडीखाली बोट सारायचा प्रयत्न केला. नखसुद्धा शिरेना.

"इतकं आवळून कुणी शिकवलं?"

"आमच्या वस्तादांनी." म्हणजे डेपोतले जुने ड्रायव्हर, ज्यांनी मला बस शिकवली. सैल नाडी पेडलखाली अडकली तर मागची चाळीस माणसं तुझ्या जिवावर, असं बजावून त्यांनी दातओठ खाऊन गाठ मारायला लावली होती. सतरा वर्षं तीच गाठ.

"बसमध्ये तुम्ही बसलेल्या असता," बाई म्हणाल्या. "मशीनवर सगळं वजन चवड्यांवर येतं, पाय थोडे फुगतात, वर ही गाठ. बधिर होतील नाहीतर काय? नाडी सैल करा, टाच टेका, मधेमधे बोटं हलवा. तरी पाय तपासू. वडिलांना साखर होती ना, रक्तही तपासू."

मी डोळे मिटले. त्यांच्या हातात नायलॉनचा बारीक दोरा होता. तळव्याला टेकला की "हो" म्हणायचं.

"हो," मी म्हणाले. "हो. हो. आई गं, गुदगुल्या होतात, हो!"

दहाच्या दहा जागा कळल्या. मला रडूच फुटलं. इतकी वर्षं माझ्याच पायांना मी कधी एवढी माया लावली नव्हती.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "उगाच माझी सुट्टी वाया घालवलीस. डॉक्टर, आलोच आहे तर माझेही बघून टाका. हिला दाखवूया ठणठणीत पाय कसे असतात ते."

त्याने मोजे काढले, टेबलावर पाय लांब केले, डोळे मिटले. उजव्या तळव्यात स्क्रूची खूण होती, काळपट, कडेने ओली. बाई वाकल्या. दोरा अंगठ्याला टेकला, वाकला. मग चवड्याला. मग करंगळीखाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पुढे होऊन दादाचा अंगठा घट्ट धरला, चांगली नखं रुतवून.

दादा डोळे मिटून हसत होता.

"करा की सुरू," तो म्हणाला.