वाऱ्याचं उष्टं

"गोश्त झाक, अनिसा. वारं उष्टं करतं."

जुन्नरच्या मटणाच्या दुकानात अब्बा रोज म्हणायचे. ओलं पांढरं फडकं ते असं अलगद पांघरायचे, जणू खाली कुणी निजलंय. अब्बा गेले, दुकान मिटलं. आवाज तेवढा राहिला.

आळेफाट्याजवळच्या चिकनच्या कारखान्यात अनिसा आता हे वाऱ्याचं उष्टंच शोधते. आठवड्यातून एकदा पॅकिंगच्या टेबलांवर जंतूंचं खाद्य भरलेल्या बशा अर्धा तास उघड्या ठेवायच्या. हवेतून पडेल ते पडू द्यायचं. मग झाकून दोन दिवस मशीनमध्ये उबवायच्या. जंतू असले की बशीत ठिपके उमटतात.

"कोंबड्या मारायच्या आन् जंतू उबवायचे," चार नंबरच्या टेबलावरची साळुबाई हसायची. "तुझी हॅचरी लई उलटी बाई."

साळुबाई बेल्ह्याची. टेबलाच्या वर, छताजवळ कूलर, त्याचा गार झोत थेट तिच्या मानेवर. मान धरायची, पण ती कुणाला बोलली नाही. अनिसाला मात्र दिसलं. महिन्यामागं जेवणाच्या सुट्टीत ती स्टुलावर चढली आणि कूलरच्या जाळीला एक पांढरं फडकं बांधलं. झाकायची सवय हातातच होती. झोत वळला. साळुबाई मास्कच्या आत गुणगुणली,

"गार वाऱ्याला आडोसा, लेक माझी गं अनिसा."

या आठवड्यात चार नंबरची बशी ठिपक्यांनी भरून आली, तीळ सांडावेत तशी. बाकीच्या जवळपास कोऱ्या. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. त्या टेबलाचा माल अडवला गेला. सुपरवायझर सुदर्शन साहेबांनी साळुबाईचे हात तपासून घेतले, टेबल दोनदा धुवून घेतलं. शेवटी त्यांची नजर वर गेली.

फडकं खाली आलं तेव्हा ते पांढरं नव्हतं. दमट, करडं, बुळबुळीत. महिनाभर कूलरचं पाणी पीत ते तिथंच कुजलं होतं, आणि त्यातून गाळून येणारी हवा खाली मांसावर पडत होती.

कुणी बांधलं, साहेबांनी विचारलं. अनिसा एक पाऊल मागं सरकली. हवा तपासायला ठेवलेल्या मुलीनंच हवा नासवली, म्हटल्यावर नोकरी कशी राहील?

साळुबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"मीच. मान दुखत व्हती."

साहेबांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. साळुबाईनं ॲप्रनची गाठ सोडली, नीट घडी घातली, टेबलावर ठेवली. मान चोळत ती दाराकडं निघाली.

तेव्हा अनिसाला अब्बांचं उरलेलं वाक्य ऐकू आलं. फडकं पांघरून झाल्यावर, हात पुसता पुसता, ते हळूच म्हणायचे: आणि फडकं रोज उकळ, बेटा.

"मावशी, थांबा," ती म्हणाली. मग साहेबांकडं वळली. "ते मी बांधलं. मावशींनी सांगितलंही नव्हतं. आणि फडकं रोज उकळायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं."